ट्रेलर संपला तिथेच पिक्चर संपला: 'स्लेंडर मॅन'चं नक्की काय बिनसलं

"अरे मामा, ती क्लोई कुठे गेली?"

पिक्चर संपून नावं वर सरकायला लागली होती तेव्हा भाचीने हे विचारलं आणि मी रिमोट हातात धरून तसाच बसलो, कारण मलाही माहीत नव्हतं. चार मैत्रिणींची गोष्ट, त्यातली एक गायब होते ते ठीक आहे, भुताने नेली, पण दुसरी? तिला शेवटचं बघितलं ते खिडकीत, भकास नजरेने बसलेली, आणि मग पुढे कोणी तिचं नावच घेत नाही. वर्गात नाही, घरच्यांची रडारड नाही, मैत्रिणींच्या बोलण्यात नाही. भाची दहावीत आहे, तिच्या वर्गातली मुलगी दोन दिवस आली नाही तरी व्हॉट्सअपवर पंचवीस मेसेज पडतात, त्यामुळे तिला हे सगळ्यात जास्त खटकलं. भुताला चेहरा नाही हे तिने एका मिनिटात मान्य केलं पण मैत्रिणीची चौकशी कोणी करत नाही हे नाही पटलं तिला.

मग मी जरा खोदकाम केलं. 'स्लेंडर मॅन' हा २०१८ चा पिक्चर का फसला हे नुसतं "बोअर आहे" म्हणून सोडून देण्यासारखं नाहीये, कारण बोअर पिक्चर तर दर शुक्रवारी येतात, पण हातात एवढं जबरदस्त भूत असताना, मागे मोठा स्टुडिओ असताना आणि तरुण पोरं आधीच त्या भुताला ओळखत असताना पिक्चर इतका पोकळ निघावा हे प्रकरण वेगळं आहे.

भूत कुठून आलं ते आधी सांगतो. आपली भुतं कशी, मुंजा पिंपळावर, हडळ विहिरीपाशी, प्रत्येकाचा पत्ता ठरलेला आणि पहिल्यांदा कोणी सांगितलं ते कोणालाच माहीत नाही. या भुताचा जन्मदाखलाच आहे. १० जून २००९. समथिंग ऑफुल नावाच्या अमेरिकन साइटवर लोक फोटोशॉपमध्ये खोटे भुताचे फोटो बनवून टाकत होते, खेळ म्हणून, आणि तिथे एरिक नुडसन नावाच्या माणसाने 'व्हिक्टर सर्ज' या टोपणनावाने दोन ब्लॅक अँड व्हाइट फोटो टाकले. एकात मुलांचा घोळका कॅमेऱ्याकडे चालत येतोय आणि मागे एक जरा जास्तच उंच माणूस. दुसऱ्यात मुलं खेळतायत, पुढे घसरगुंडी, एक मुलगी छान हसतेय, आणि लांब झाडाच्या सावलीत तोच. काळा सूट, हात नको तेवढे लांब, चेहऱ्याच्या जागी नुसतं पांढरं. खाली दोन-तीन ओळींचा मजकूर, जुन्या पोलीस फायलीतून काढल्यासारखा, की या दिवशी मुलं हरवली, फोटो काढणारी व्यक्ती पण बेपत्ता. बास, एवढंच.

आणि हे एवढंच होतं म्हणूनच ते पसरलं. तो कोण, कशाला येतो, मुलांचं काय करतो, काही सांगितलेलं नाही, त्यामुळे ज्याला जे सुचलं ते त्याने भरलं. दहा दिवसांत यूट्यूबवर 'मार्बल हॉर्नेट्स' ही हातात कॅमेरा धरून शूट केलेली सीरिज सुरू झाली, २०१२ मध्ये एक फुकट गेम आला ज्यात तुम्ही टॉर्च घेऊन अंधाऱ्या जंगलात आठ कागद शोधता आणि तो मागे असतो, वळून बघितलं की स्क्रीनवर खरखर. गेमला धड ग्राफिक्स नाहीत, गोष्ट नाही, तरी लाखो पोरांनी खेळला आणि किंचाळले.

या भुताचं तंत्र नीट लक्षात घ्या, कारण पिक्चर नेमका तिथे माती खातो. तो तुमच्या अंगावर येत नाही. तो फोटोत आधीपासून असतो आणि तुम्हाला उशिरा दिसतो. म्हणजे घाबरवण्याचं काम तुमचे स्वतःचे डोळे करतात, भूत नुसतं उभं असतं. कोकणात चकव्याचं हेच आहे की. चकवा कसा दिसतो हे कोणी सांगू शकणार नाही, माझ्या आजोबांना लागला होता म्हणायचे, रात्रभर त्याच तीन शेतांत फिरत राहिले, पण "दिसला का?" विचारलं की म्हणायचे दिसतो कसला, लागतो. दिसला असता तर आजोबांनी शिव्याच घातल्या असत्या त्याला.

आता मधला भाग, जो या प्रकरणाचं खरं मर्म आहे आणि जो लिहिताना मला जरा जपून लिहावंसं वाटतंय. ३१ मे २०१४ ला अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यातल्या वॉकेशा गावात बारा वर्षांच्या दोन मुलींनी त्यांच्याच बारा वर्षांच्या मैत्रिणीला जंगलात नेऊन चाकूने १९ वार केले. का, तर स्लेंडर मॅनला खूश करायचं होतं, त्याची माणसं व्हायचं होतं, नाहीतर तो घरच्यांना मारेल असं त्यांच्या डोक्यात बसलेलं. ती जखमी मुलगी सरपटत रस्त्यापर्यंत आली, एका सायकलवाल्याला दिसली आणि वाचली. ज्यांनी हल्ला केला त्या दोघींना मानसिक आजारामुळे जेलऐवजी उपचाराच्या संस्थेत ठेवायचं ठरलं, एकीला २५ वर्षं आणि दुसरीला ४०. पहिलीचा निकाल डिसेंबर २०१७ मध्ये, दुसरीचा १ फेब्रुवारी २०१८ ला.

आणि पिक्चरचा ट्रेलर कधी आला? ३ जानेवारी २०१८. दोन निकालांच्या बरोब्बर मध्ये.

हे मुद्दाम केलं असं मी म्हणत नाही, रिलीजच्या तारखा आणि कोर्टाच्या तारखा वेगवेगळ्या गाड्या आहेत, पण बाहेरून काय दिसलं? चार शाळकरी मुली, जंगल, आणि तोच बिनचेहऱ्याचा माणूस. हल्ला करणाऱ्या मुलींपैकी एकीच्या वडिलांनी लगेच प्रेसला सांगितलं की असा पिक्चर काढणंच विचित्र आहे, एका शोकांतिकेला प्रसिद्धी देताय आणि तिन्ही घरांचं दुःख वाढवताय. मार्कस थिएटर्स ही तिकडचीच साखळी, त्यांनी तर मिलवॉकी आणि वॉकेशा या दोन काउंट्यांमध्ये, म्हणजे तिकडच्या जिल्ह्यांमध्ये, पिक्चर लावायलाच नकार दिला. बरोबर केलं त्यांनी, माझ्या गावात असं झालं असतं तर मलाही नाक्यावर ते पोस्टर नको झालं असतं.

पिक्चर स्क्रीन जेम्सचा, म्हणजे सोनीचाच कमी बजेटच्या हॉररवाला विभाग. दिग्दर्शक सिल्व्हेन व्हाइट, ज्याने आधी 'स्टॉम्प द यार्ड' नावाचा डान्सचा पिक्चर केला होता. लेखक डेव्हिड बर्क, आणि हा साधा माणूस नाही हं, २०१६ च्या 'एल' ची पटकथा याची आहे, ज्यात इझाबेल ह्यूपरला ऑस्करचं नामांकन मिळालं होतं, म्हणजे हिंसा आणि तिच्यानंतरची विचित्र शांतता कशी लिहायची हे याला चांगलं कळतं. जोई किंग, जूलिया गोल्डानी टेलेस, जॅझ सिंक्लेअर, अॅनलिस बासो अशा चौघी, कोणीच वाईट नाही. भुताच्या कामाला हाविएर बोतेत, स्पेनचा नट, दोन मीटर उंच, मार्फन सिंड्रोममुळे हातपाय आणि बोटं खरोखर लांब, त्याला नुसता दारात उभा केला तरी आपण सोफ्यावर पाय वर घेऊन बसू. म्हणजे आडात पाणी भरपूर होतं, पोहऱ्यालाच भोक.

ट्रेलर बघा एकदा. दोन-अडीच मिनिटांचा आहे आणि खरं सांगतो त्यात दम आहे. बायोलॉजीच्या लॅबमध्ये चिरफाड चाललीय, एक मुलगी हातातला स्काल्पेल उचलते, आणि तो तिच्या स्वतःच्या डोळ्याकडे वळतो. आई गं. हा सीन बघून भाचीने ठरवलं होतं की पिक्चर बघायचाच. आणि हा सीन पिक्चरमध्ये नाहीच! ती लॅबमधली मुलगी म्हणजे आपली हरवलेली क्लोई. म्हणजे तिच्या गोष्टीला शेवट होता, शूट झालेला होता, जगाला फुकट दाखवलेला होता, आणि तिकीट काढून आलेल्याला तेवढाच नाही मिळाला. टॉम नावाचा एक पोरगा आहे, नायिकेला आवडणारा, तोसुद्धा असाच पातळ होत होत नाहीसा होतो. ट्रेलरमधली अजूनही काही दृश्यं पिक्चरमध्ये सापडत नाहीत.

मे १८ ची तारीख ठरलेली, ती गेली ऑगस्टवर, आणि शेवटी १० ऑगस्ट २०१८ ला पिक्चर लागला, ९३ मिनिटांचा आणि पीजी-१३ सर्टिफिकेटवाला, म्हणजे तेरा-चौदाची पोरं पालकांशिवाय जाऊन बघू शकतील असा. मग बरेच जण म्हणाले की पीजी-१३ नेच वाट लावली, रक्त काढून टाकलं म्हणून मजा गेली. मला हे पटत नाही. 'द रिंग' चा २००२ चा अमेरिकन अवतार पीजी-१३ च होता आणि तो बघून मी हॉस्टेलवर आठवडाभर टीव्हीकडे पाठ करून झोपलो नव्हतो, तोंड करून झोपलो होतो, कारण पाठ करायची हिंमत नव्हती. रक्ताशिवाय घाबरवता येतं, पण मग गोष्ट तशी पहिल्यापासून विणावी लागते. इथे वेगळं झालंय, पिक्चर एका हिशोबाने बांधला आणि मग त्यातले मुक्कामाचे सीन उचलून घेतले. जिना तसाच ठेवून वरचा मजला पाडला तर माणूस जिना चढून जाणार कुठे?

बघताना हे सतत जाणवतं. मॅसॅच्युसेट्समधलं छोटं गाव, चार मैत्रिणी रात्री एकीच्या घरी जमतात, पोरं स्लेंडर मॅनला बोलावणार आहेत असं कळतं म्हणून यांनाही खाज सुटते, त्या व्हिडिओ लावतात, तीन घंटा ऐकू येतात. आठवड्याने शाळेची ट्रिप एका जुन्या दफनभूमीत जाते (कुठल्या शाळेची ट्रिप दफनभूमीत जाते? आमची नेहमी शनिवारवाड्यावर) आणि तिथून केटी गायब. केटी घरी सुखी नव्हती, बाप दारुडा, तिला बहुतेक जायचंच होतं. इथे माझे कान टवकारले, कारण हाच तो धागा! मुलगी भुताला घाबरत नाहीये, तिला भुताकडे जायचंय, घरापेक्षा ते बरं वाटतंय. वॉकेशाच्या प्रकरणातली सगळ्यात भयानक गोष्ट हीच होती की त्या पोरींना तो नुसता शत्रू वाटत नव्हता, त्याच्याकडे जाऊन राहायचं होतं. पिक्चरने हा धागा उचलला, पाच मिनिटं हातात फिरवला आणि खाली ठेवला. बापाचं पुढे काही नाही, केटीच्या मनात काय होतं त्याचं काही नाही, गुगल करायचा एक लांबलचक सीन आणि मग सुरू झाडं, धुकं, झाडं.

माझं म्हणणं असं आहे की पिक्चरला स्वतःच्याच विषयाची भीती वाटलीय. नाव हवं होतं कारण नावाला गिऱ्हाईक आहे, पण ते नाव २०१४ नंतर ज्या गोष्टीमुळे घराघरात पोचलं तिच्या जवळसुद्धा जायचं नव्हतं. मैत्रिणीच मैत्रिणीला इजा करतेय, मुलगी स्वतःला इजा करतेय, घरच्यांना पत्ता नाही, हे सगळं काढा म्हटलं की उरतं काय? सूट घातलेला उंच माणूस आणि फांद्या. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं अशी गत. आणि मजा म्हणजे (मजा कसली म्हणा) एवढं सगळं काढूनही ज्यांना दुखायचं होतं त्यांना दुखलंच, मार्कसवाल्यांनी वॉकेशात पिक्चर लावला नाहीच. तेलही गेलं, तूपही गेलं.

यावर कोणी म्हणेल मग काय खऱ्या मुलीच्या जखमांवर पिक्चर काढायचा होता का? नाही. मुळीच नाही. पण मग दोन सरळ रस्ते होते. एक, २००९ च्या फोटोंकडे परत जायचं, घसरगुंडी, जुने फोटो, हरवलेली फोटोग्राफर, आणि २०१४ ला हातच नाही लावायचा. दुसरा, केटीच्या घरात कॅमेरा न्यायचा आणि एकट्या पडलेल्या पोरीला स्क्रीनमधली गोष्ट घरातल्या माणसांपेक्षा जवळची कशी वाटते हे दाखवायचं, चाकू न दाखवता. दुसरा अवघड आहे पण 'एल' लिहिणाऱ्या माणसाला जमला असता असं मला वाटतं. यांनी दोन्हीच्या मधून बैलगाडी घातली.

एक सीन मात्र चांगला आहे, तो सांगितला नाही तर अन्याय होईल. क्लोई घरात एकटी, फोनवर व्हिडिओ येतो, बघते तर कोणीतरी एका घराकडे चालत येतंय, आणि हळूहळू तिला कळतं की घर तिचंच आहे. दार उघडतं. स्क्रीनवर तिचीच खोली. इथे भाची माझ्याजवळ सरकली. का, तर इथे ते मूळ तंत्र वापरलंय, भूत समोरून येत नाही, तुम्ही बघत असलेल्या चौकटीत ते आधीच आहे आणि तुम्हाला उशिरा कळतंय. दीड-दोन मिनिटं पिक्चरला स्वतःचं भूत सापडलं. आणि मग परत जंगल.

जंगलातला मोठा सीन म्हणजे तिघी डोळ्यांवर पट्ट्या बांधून उभ्या, केटीच्या बदल्यात प्रत्येकीने आपली आवडती वस्तू द्यायची, आणि काहीही झालं तरी डोळे उघडायचे नाहीत. कल्पना छान आहे हो, पण अंधार! इतका काळोख की मी टीव्हीचा ब्राइटनेस वाढवला, मग पडदे ओढले, मग ताईने विचारलं लाइट गेले का. बोतेतसारखा नट घेऊन त्याला काळोखात उभा केलाय आणि जेव्हा दिसतो तेव्हा पाठीतून कॉम्प्युटरच्या फांद्या फुटतात, कोळ्यासारखा चालतो. चकव्याला पाय फुटले की तो चकवा राहत नाही, मग तो रानडुक्कर. पळा किंवा दगड मारा.

धंद्याचं बोलायचं तर गंमत आहे, पिक्चर बुडाला नाही. पहिल्या वीकेंडला अमेरिकेत १ कोटी १४ लाख डॉलर, चौथा नंबर (त्याच शुक्रवारी शार्कवाला 'द मेग' पण आलेला), अमेरिकेतला एकूण गल्ला ३ कोटी ६ लाखांच्या आसपास आणि जगभरात मिळून ५ कोटी १७ लाख. शंभरातल्या दहा समीक्षकांनाही आवडला नाही ते सोडा, हॉररला समीक्षक तसेही नाकं मुरडतात, पण सिनेमास्कोर म्हणून एक प्रकार आहे, पहिल्या रात्री थिएटरमधून बाहेर पडणाऱ्या प्रेक्षकांनाच कार्ड देऊन ग्रेड विचारतात, त्यात याला मिळाली डी मायनस. हे लोक पहिल्याच दिवशी पैसे देऊन आलेले, म्हणजे भुताचे भक्त. त्यांनी डी मायनस दिली. शाळेत आमच्या चित्रकलेच्या बाई सुद्धा इतकं कमी कोणाला देत नव्हत्या, कोरा कागद दिला तरी सी मिळायचा.

त्यामुळे हे प्रकरण "फ्लॉप" या खान्यात बसतच नाही. भुताच्या नावावर माणसं आली, पैसे आले, आणि नाव खर्ची पडलं. दुसरा भाग आला नाही. नऊ वर्षं लोकांनी फुकटात, रात्री जागून, हौसेने फुगवलेलं भूत ९३ मिनिटांत बसलं.

भाचीला हे सगळं सांगितलं नाही, वॉकेशाचं तर नाहीच, बारा वर्षांची मुलगी हा आकडा तिच्या फार जवळचा आहे. क्लोईचं मात्र सांगितलं, की तिचा सीन होता, तूच ट्रेलरमध्ये बघितलास तो, नंतर ठेवला नाही. "मग ट्रेलरमधून पण काढायचा ना," म्हणाली. यावर काय बोलणार.

मग फोनवर ते दोन जुने फोटो काढून तिच्या हातात दिले, काही न सांगता. घसरगुंडीवाला फोटो बघून म्हणाली, "छान आहे, कोण आहे ही? आजीच्या वेळचा वाटतो." फोन परत द्यायला हात पुढे केला आणि मध्येच थांबली. परत जवळ घेतला. दोन बोटांनी झाडाची सावली मोठी केली.

"मामा, हा आधी पण होता का इथे?"

आतल्या खोलीचा लाइट त्या रात्री चालूच होता, सकाळी ताईने बिलावरून मला झापलं.